एक वळण, दोन चाके



शाळेच्या हीरक महोत्सवातील व्याख्यानासाठी मोटारगाडीची पुढची चाके हा विषय निवडावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. मोटारीचा इतिहास म्हटला की इंजिनाची आठवण होते. चाकांचे काय, ती तर हजारो वर्षे फिरतच आली आहेत! तथापि मोटार जन्माला आली तेव्हा तिच्या जनकांना इंजिनाच्या बरोबरीने छळले ते पुढच्या दोन चाकांनी. ही चाके वळवावी कशी आणि रस्त्याचे धक्के त्यांनी सोसावेत कसे, असे ते दोन प्रश्न होते. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळायला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. त्यातही नवलाची गोष्ट अशी की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या जन्माआधी शतकभर एका माणसाला सापडले होते. ते सापडले, हरवले आणि पुन्हा पुन्हा सापडत राहिले. आजच्या व्याख्यानाचा विषय ही हकीकत होय.

बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. तिला दोनच चाके. बैल वळले की जू वळते आणि जुवाच्या मागोमाग सारी गाडी वळते. चार चाकांच्या बग्गीत मात्र पुढची दोन चाके वळवावीच लागतात. त्यासाठी जुन्या कारागिरांनी एक सोपी युक्ती योजली होती. पुढची दोन्ही चाके एकाच आसावर बसवायची आणि तो संपूर्ण आस मधोमध एका खिळीभोवती फिरू द्यायचा. घोडे ज्या बाजूला वळतील, त्या बाजूला आस फिरे. ही युक्ती शतकानुशतके चालली, पण तिच्यात दोन दोष होते. आस तिरपा झाला की एका बाजूचे चाक गाडीच्या पोटाखाली सरके, गाडीचा पाया अरुंद होई आणि वेगात वळताना ती कलंडण्याचे भय असे. दुसरे म्हणजे, चाकाला फिरायला जागा हवी म्हणून गाडीचा साटा उंच ठेवावा लागे. उंच गाडी तर आणखीच सहज कलंडते.

यावरचा उपाय इंग्लंडमधील एका डॉक्टरांना सुचला. लिचफील्ड येथील इरॅस्मस डार्विन हे ते डॉक्टर. पुढे उत्क्रांतिवादामुळे जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डार्विन यांचे ते आजोबा. रोग्यांना पाहण्यासाठी त्यांना खराब रस्त्यांवरून बग्गीने सतत हिंडावे लागे. बग्गी कलंडण्याचे भय त्यांच्या दृष्टीने पुस्तकी नव्हते. त्यांच्या रोजच्या कामाचाच तो भाग होता. 1759 च्या सुमारास त्यांनी असा विचार केला की, आस जागच्या जागी राहू द्यावा आणि त्याच्या दोन टोकांशी प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोवती वळू द्यावे. दोन्ही चाके दांड्यांनी एकमेकांशी जोडलेली असली म्हणजे ती बरोबरच वळतील. मात्र सारखी वळणार नाहीत.

‘बरोबर, पण सारखी नव्हे’ हीच या विषयाची किल्ली आहे. गाडी वळते तेव्हा तिची चारही चाके एकाच मध्याभोवती वर्तुळे काढीत असतात. आतल्या चाकाचे वर्तुळ लहान असते, बाहेरच्याचे मोठे. समजा, पुढच्या व मागच्या आसांमध्ये अडीच मीटर अंतर आहे आणि पुढच्या दोन खिळींमध्ये सव्वा मीटर. मागच्या आसाच्या रेषेवर मोजले असता वळणाचा मध्य आतल्या खिळीच्या ओळीपासून 5 मीटरवर असेल, तर बाहेरच्या खिळीच्या ओळीपासून तो 6.25 मीटरवर पडतो. शालेय त्रिकोणमितीने हिशेब केला तर आतले चाक सुमारे 26.5 अंश आणि बाहेरचे सुमारे 22 अंश वळले पाहिजे, असे उत्तर येते. दोन्ही चाकांना सारखाच कोन दिला तर निदान एक चाक तरी गडगडण्याऐवजी रस्त्यावर घासत जाईल. दोघांचे वळण एक, पण प्रत्येकाचा वाटा निराळा. हा भेद राखील अशी जोडणी करणे हे खरे कौशल्य होते.

डार्विन यांनी आपल्या बग्ग्यांवर ही रचना वापरली, पण तिचे पेटंट घेतले नाही. यंत्रांच्या नादी लागलेला डॉक्टर अशी ख्याती झाली तर वैद्यकीच्या व्यवसायाला बाध येईल, अशी त्यांना धास्ती होती. परिणामी कल्पना त्यांच्या मित्रमंडळातच राहिली. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर म्यूनिकचे बग्गी बांधणारे कारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली. लंडनमधील त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन हे चित्रांचे व पुस्तकांचे प्रकाशक होते. त्यांनी 1818 मध्ये इंग्लंडमध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आज जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही रचना ‘ॲकरमन स्टिअरिंग’ या नावाने शिकवली जाते. ज्यांनी ती प्रथम योजली त्यांचे नाव तिला लाभले नाही. ज्यांनी ती कागदावर नोंदवली, त्यांचे लाभले.

पेटंट झाले तरी बग्गीवाल्यांनी ही रचना फारशी स्वीकारली नाही. त्यामागे कारण होते. घोडागाडीला वळवणारे घोडे पुढे असतात आणि आस त्यांच्या ओढीने वळतो. रस्त्यातील धोंडा एका चाकाला लागला तरी तो धक्का घोड्यांच्या वजनापुढे जिरून जातो. जुनी पद्धत ओबडधोबड होती, पण तेवढ्यावर भागत होते. घोडे निघून गेले आणि त्यांच्या जागी माणसाचे दोन हात आले, तेव्हा सारे चित्र पालटले.

यंत्राने मागून ढकललेल्या गाडीचे एक पुढचे चाक धोंड्यावर आदळते, तेव्हा तो धक्का आसाला त्याच्या खिळीभोवती फिरवू पाहतो. संपूर्ण आस मधोमध फिरणारा असेल, तर खिळीपासून चाकापर्यंतचे अंतर अर्ध्या आसाइतके, म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर भरते. एवढ्या लांब तरफेने आलेला हिसका चालकाच्या हातातील दांडा सहज उडवून देईल. तेच चाक आपल्या जवळच्या खिळीभोवती वळणारे असेल, तर ही तरफ काही सेंटिमीटरांचीच उरते आणि हिसकाही त्याच प्रमाणात कमी होतो. डार्विन यांना जी रचना बग्गी कलंडू नये म्हणून हवी होती, ती मोटारीला चालकाचे हात शाबूत राहावेत म्हणूनही आवश्यक झाली.

फ्रान्समधील ल मां या गावी घंटा ओतण्याचा व्यवसाय करणारे आमेदे बोले यांनी हे फार लवकर ओळखले. 1873 मध्ये त्यांनी बारा माणसे बसतील अशी वाफेची गाडी बांधली आणि तिला ‘आज्ञाधारक’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. नाव सार्थ होते, कारण तिची पुढची चाके आपापल्या खिळींवर योग्य त्या वेगवेगळ्या कोनांत वळत. 1875 मध्ये ते या गाडीने ल मांहून पॅरिसला गेले. 1878 च्या ‘ला मांसेल’ या पुढच्या गाडीत त्यांनी पुढची दोन्ही चाके आडव्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर एकमेकांपासून स्वतंत्र बसवली. त्याच वर्षी पॅरिसचे बग्गी बांधणारे शार्ल झांतो यांनी चाके वळवणाऱ्या दांड्यांसाठी एक सुटसुटीत नियम मांडला. दोन्ही चाकांना जोडलेले आखूड दांडे असे तिरपे ठेवावेत की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या असता मागच्या आसाच्या मध्यावर मिळाव्यात. यामुळे दोन्ही चाकांचे कोन अगदी काटेकोर नसले, तरी व्यवहारापुरते बरोबर येतात. वर्कशॉपमधील साध्या कारागिरालाही एक दोरी ताणून हा नियम पाळता येत असे.

इतके सारे होऊनही मोटारीच्या इतिहासात पुढे जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. 1886 मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या गाडीचे पेटंट घेतले. या गाडीला तीनच चाके होती. चार चाकांची गाडी वळवण्याची समाधानकारक रीत त्यांना तोवर गवसली नव्हती, म्हणून त्यांनी पुढे सायकलसारखे एकच चाक ठेवले. त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी 1888 मध्ये मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंतचा सुप्रसिद्ध प्रवास तीनचाकी गाडीनेच केला. घोडागाड्यांच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर मधले चाक चाकोरीबाहेरच्या खडबडीत पट्ट्यावर धावते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासातील कष्टांची कल्पना येईल. गोटलीब डाइमलर यांच्या 1886 च्या गाडीला चार चाके होती, पण तिचा पुढचा आस बग्गीसारखा अखंड फिरणारा होता. दोन चाके दोन खिळींवर वळवण्याचे पेटंट बेंझ यांना 1893 मध्ये मिळाले आणि त्यांच्या ‘व्हिक्टोरिया’ या गाडीत ती रचना आली. डार्विन यांच्यानंतर तोवर सुमारे एकशे चौतीस वर्षे आणि ॲकरमन यांच्या पेटंटानंतर पंचाहत्तर वर्षे लोटली होती. बेंझ हे काही अल्पशिक्षित नव्हते. कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत ते शिकले होते. परंतु बग्गीवाल्यांच्या कार्यशाळेतील ज्ञान यंत्रवाल्यांच्या कार्यशाळेत आपोआप पोहोचत नाही. ते कोणीतरी पोहोचवावे लागते.

चाके वळू लागली, तरी ती वळवणारा हात अजून सुरक्षित नव्हता. आरंभीच्या मोटारींना आजच्यासारखे गोल स्टिअरिंग नव्हते. नावेच्या सुकाणूसारखा दांडा असे. 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत एमिल लेव्हासोर यांनी असाच दांडा धरून सुमारे 1,178 किलोमीटरचे अंतर 48 तास 48 मिनिटांत तोडले. पुढच्या वर्षीच्या पॅरिस–मार्सेय–पॅरिस शर्यतीत एक कुत्रा आडवा आला. त्याला चुकवताना गाडी उलटली आणि लेव्हासोर जबर जखमी झाले. त्यातून ते पुरते सावरलेच नाहीत. एप्रिल 1897 मध्ये त्यांचे निधन झाले. गोल चक्राचा प्रयोग आल्फ्रेड व्हाशरों यांनी 1894 च्या पॅरिस–रुआँ स्पर्धेत केला होता. 1898 मध्ये लेव्हासोर यांच्याच कंपनीने ते आपल्या गाड्यांवर बसवण्यास सुरुवात केली. चक्र आणि दंतचक्रांची पेटी यांमुळे हाताची शक्ती वाढली. शिवाय रस्त्याचा हिसका उलट मार्गाने हातापर्यंत येईतो क्षीण होऊ लागला.

याच कंपनीची धुरा पुढे सांभाळणारे आर्थर क्रेब्स यांनी 1896 च्या आपल्या पेटंटात आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. चाक ज्या खिळीभोवती वळते ती अगदी उभी न ठेवता किंचित मागे झुकलेली ठेवावी. सायकलचा पुढचा चिमटा असाच झुकलेला असतो. त्या झुकावामुळे खिळीची रेषा जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते आणि चाक आपसूक सरळ राहू पाहते. वळणानंतर स्टिअरिंग सैल सोडले असता ते आपणहून मध्यावर येते, याचा अनुभव प्रत्येक चालकाला असतो. त्याचे एक मोठे कारण हा झुकाव होय. पुढे खिळीचा माथा आतल्या बाजूलाही कलता ठेवण्यात आला. त्यामुळे तिची रेषा जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेजवळ मिळू लागली आणि हिसक्याची तरफ आणखी आखूड झाली. हे कोन काही अंशांचेच असतात, पण ते चुकले तर गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते.

आता दुसरा प्रश्न, धक्क्यांचा. आरंभीच्या बहुतेक मोटारींत पुढचा आस हा एक जाड पोलादी तुळईवजा दांडा असे आणि तो पाट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेला असे. येथे एक पेच उद्भवला. स्टिअरिंगची पेटी गाडीच्या सांगाड्यावर पक्की असते आणि चाके स्प्रिंगांबरोबर खालीवर होत असतात. पेटीपासून चाकापर्यंत जाणारा दांडा एका कमानीत फिरतो आणि स्प्रिंगवरचा आस दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत, तर खड्ड्यात चाक उतरताच ते थोडे वळते. चालकाने चक्र हलवलेले नसते, तरी गाडी बाजूला झेपावते! म्हणून जाणत्या रचनाकारांनी स्प्रिंगचे पक्के टोक आणि दांड्याचे टोक शक्यतो जवळजवळ ठेवण्याचा प्रघात पाडला. वळवणे आणि धक्के सोसणे हे दोन प्रश्न निरनिराळे नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, ही जाण रचनाकारांना अशा अनुभवांतून आली.

1920 नंतर हा पेच अधिक बिकट झाला. रुंद व कमी दाबाचे टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, वेग वाढले आणि अनेक गाड्यांची पुढची चाके ठरावीक वेगाला थरथर कापू लागली. याचे कारण शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येते. सायकलचे सुटे चाक दोन्ही हातांनी आसाला धरून जोरात फिरवावे आणि मग ते एका बाजूला कलते करू पाहावे. ते कलण्याबरोबरच भलत्याच दिशेला वळू लागते. अखंड आसाच्या गाडीत एक चाक उंचवट्यावर चढले की आस कलतो, त्याबरोबर दोन्ही फिरती चाके कलतात आणि म्हणून दोन्ही वळू पाहतात. वळण्यातून पुन्हा कलणे आणि कलण्यातून वळणे, असे हे चक्र चालू राहते. आवर घालण्यासाठी स्प्रिंगा ताठ ठेवाव्या लागत आणि त्यामुळे प्रवाशांची हाडे खिळखिळी होत.

ही गाठ ज्यांनी सोडवली त्यांत मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. रोल्स-रॉइसमध्ये अनुभव घेऊन ते 1930 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत आले. त्यांनी एका मोठ्या गाडीच्या पुढेमागे सरकवता येतील अशी वजने बसवली आणि नाना तऱ्हेच्या स्प्रिंगा लावून स्वतः प्रवास करून पाहिला. निष्कर्ष स्पष्ट होता. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या, तर गाडी डोलत नाही, सपाट चालते. तोवरची रीत नेमकी उलटी होती. पण पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की अखंड आस थरथरू लागे. म्हणजे सुखाचा प्रवास हवा असेल, तर तो आसच काढून टाकणे भाग होते.

प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे खालीवर व्हावे, ही कल्पना नवी नव्हती. बोले यांच्यानंतर 1898 मध्ये फ्रान्सच्या देकोव्हिल कंपनीने आणि 1922 मध्ये इटलीतील लान्चिया कंपनीने ‘लाम्ब्दा’ या गाडीत ती आपापल्या रीतीने साकारली होती. 1933 मध्ये मर्सिडीज-बेंझच्या ‘380’ या गाडीत प्रत्येक पुढचे चाक वर एक आणि खाली एक अशा दोन बिजागरी बाहूंवर बसवलेले होते. 1934 पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांतही स्वतंत्र चाके आली. त्यांपैकी कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबील यांवर असे दोन बाहू होते. वरचा बाहू आखूड, खालचा लांब. दोन्ही सारखे ठेवले तर चाक खालीवर होताना टायर रस्त्यावर आडवा घासतो. वरचा आखूड ठेवला तर चाक किंचित कलते, पण टायरची जागा फारशी ढळत नाही. एक चाक खड्ड्यात गेले, तर दुसऱ्याला त्याची झळ आता फारशी लागेना. चाकांना जोडणारा दांडाही तुकड्यांत विभागला गेला; त्याचे सांधे बाहूंच्या हालचालीशी जुळते ठेवले, म्हणजे खड्ड्यात चाक आपोआप वळत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी डार्विन यांनी प्रत्येक चाकाला स्वतःची खिळी दिली होती; आता प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंगही मिळाली. खालीवर होताना चाके एकमेकांपासून मोकळी आणि वळताना एकमेकांना बांधलेली, अशी ही व्यवस्था आहे.

या सभागृहातील अनेकांचे बालपण ॲम्बॅसडर गाडीच्या मागच्या आसनावर गेले असेल. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घडलेल्या या गाडीच्या पुढच्या चाकांना पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्यांच्या स्प्रिंगा होत्या आणि प्रत्येक चाक स्वतंत्र होते. भारताच्या खडबडीत रस्त्यांवर चार-पाच मुले निर्धास्त झोपत, त्यामागे या लांबलचक परंपरेतील अनेक अनामिकांची पुण्याई होती.

या हकीकतीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. डार्विन यांच्याजवळ बुद्धीची उणीव नव्हती आणि बेंझ यांच्याजवळही नव्हती. दोघांच्या मध्ये जे शतक गेले, त्यात उणीव होती ती एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत नेणाऱ्याची. झांतो यांचा नियम टिकला, कारण तो दोरीने समजावता येत होता आणि कोणालाही शिकवता येत होता. ॲकरमन यांचे नाव टिकले, कारण त्यांनी परक्या शहरातील कारागिराची युक्ती आपल्या शहरात नेऊन नोंदवून ठेवली. शोध लावणाऱ्याइतकेच श्रेय शिकवणाऱ्याचे असते, हे महाराष्ट्रापासून दूर साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या शाळेला निराळे सांगावे लागत नाही.

येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, गॅरेज चालवणारेही असतील. हातच्या कामात एखादी नवी युक्ती सुचली, तर ती आपल्यापाशीच न ठेवता या शाळेच्या एखाद्या वर्गात येऊन फळ्यावर खडूने काढून दाखवावी. त्या वर्गातील एखाद्या मुलाची किंवा मुलीची शंभर वर्षे वाचतील.